सर्किट चाललं, पण का चाललं?

झाडांना आपोआप पाणी घालणारं एक छोटं यंत्र मी बनवलं होतं. ईएसपी३२ चा बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कोड चालवणारी चिप), मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, एक रिले (सिग्नलवर चालणारा विजेचा स्विच) आणि ५ व्होल्टवर चालणारा छोटा पंप, एवढाच पसारा. पंप सुरू झाला की बोर्ड रीसेट व्हायचा. मी कोडमध्ये थोडा डिले घातला, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (वीज थोडी साठवून ठेवणारा भाग) लावला, अडॅप्टरही बदलला. चाललं! खूश होऊन सगळं डब्यात बंद केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच रडगाणं. तेव्हा लक्षात आलं, की तीन बदलांपैकी नेमक्या कशामुळे ते चाललं होतं हेच मला ठाऊक नव्हतं. मग आता कशामुळे बिघडलं हे कुठून कळणार?

या छंदात चुकांना तोटा नाही. पण चूक झाली म्हणजे शिकणं झालं, असं नसतं. घाईघाईने घालवलेली चूक नुसती दिसेनाशी होते आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या नावाने परत येते. म्हणून मी स्वतःला एक कसोटी लावून घेतली आहे: हा बिघाड मला हवा तेव्हा, मुद्दाम, परत घडवून दाखवता येतो का? येत असेल तर तो समजला. नसेल तर सर्किट फक्त सध्या चालू आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

आधी लक्ष्मणरेषा

काही चुका करून शिकायच्या नसतात. घरातल्या मेन्सला थेट जोडलेलं सर्किट ही त्यातली पहिली. २३० व्होल्ट एसीचं शिखर साधारण ३२५ व्होल्ट असतं, आणि स्विचिंग सप्लायच्या आतला फिल्टर कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तेवढा दाब (व्होल्टेज) धरून बसू शकतो. ‘उघडून बघू काय झालंय’ हे तिथे चालत नाही. दुसरी जागा लिथियम सेलची. ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करणं, शॉर्ट करणं, फुगलेला सेल ‘अजून चालतोय’ म्हणून वापरणं, या गोष्टी आगीला आमंत्रण देतात. खाली जे काही लिहिलं आहे ते तयार अडॅप्टर किंवा बेंच सप्लायच्या पुढच्या, कमी दाबाच्या बाजूसाठी आहे.

जवळ काय हवं

फार काही नाही. एक मल्टिमीटर, एक वही, आणि जमलं तर करंट लिमिट असलेला सप्लाय. शेवटच्या वस्तूबद्दल मी आग्रही आहे. नवीन सर्किट पहिल्यांदा चालू करताना लिमिट ५० ते १०० मिलिअँपिअरवर ठेवली, तर उलटी लावलेली आयसी (चिप) बहुतेक वेळा वाचते आणि तुम्हाला फक्त लिमिटचा दिवा लागलेला दिसतो. जळलेल्या भागापेक्षा वाचलेला भाग जास्त शिकवतो, कारण त्याच्यावर पुन्हा प्रयोग करता येतो.

मीटरची एक खोड मात्र आधीच सांगून ठेवतो. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहते, आणि मग आपण त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला जातो. करंटच्या भोकात मीटर आतून जवळजवळ सरळ तारेसारखा असतो, म्हणजे आपण सप्लाय स्वतःच्या हाताने शॉर्ट करतो. करंट मोजून झाला की वायर तिच्या जागी परत, मगच पुढचं काम. आणि मापन सुरू करण्यापूर्वी एखाद्या चांगल्या सेलचा दाब मोजून मीटर खरं बोलतोय ना, हे बघून घ्या. बॅटरी उतरलेला मीटर भलतेच आकडे दाखवतो आणि दोन तास वाया घालवतो.

पायरी १: वीज काढा आणि हात आवरा

सर्किट चाललं नाही की पहिली ऊर्मी काय असते? वायरी दाबायच्या, आयसी उपसून परत बसवायची, कोड पुन्हा अपलोड करायचा. यातल्या प्रत्येक कृतीने पुरावा पुसला जातो. ढिली वायर दाबल्याने सर्किट चाललं तर छानच, पण कोणती वायर?

म्हणून आधी सप्लाय बंद. मग आहे त्या अवस्थेत दोन-तीन फोटो काढा, एक वरून आणि एक तिरका, म्हणजे कोणती वायर कोणत्या भोकात गेली आहे ते दिसेल. जळका वास येतोय का बघा आणि तो कुठून येतोय तेही. एखादा भाग गरम असेल अशी शंका आली तर बोट टेकवू नका, जवळ नेऊन धग जाणवते का ते पाहा. आयसीवर टेकवलेल्या बोटावर आयसीचा नंबर उमटल्याचे किस्से या छंदात पुष्कळ ऐकायला मिळतात, त्यात भर नको.

पायरी २: तक्रार एका वाक्यात लिहा

‘चालत नाही’ हे वाक्य वहीत लिहायला बंदी. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे दोन्ही त्यात हवं. ‘बटण दाबल्यावर एलईडी एकदाच लागायला हवा होता, कधी लागतो, कधी लागून लगेच विझतो.’ एवढं लिहिलं की अर्धं काम होतं, कारण हे वाक्य वाचणाऱ्याला लगेच स्विच बाउन्स आठवतो. बटणाचे संपर्क एकदा दाबल्यावर काही मिलिसेकंद उड्या मारत राहतात, आणि मायक्रोकंट्रोलरला ती प्रत्येक उडी वेगळं दाबणं वाटते.

वाक्यात वेळही घाला. लगेच बिघडतं की पाच मिनिटांनी? वरवर क्षुल्लक वाटणारा हा तपशील किती उपयोगी आहे बघा. समजा ७८०५ या रेग्युलेटरने (दाब ठरावीक ठेवणाऱ्या आयसीने) १२ व्होल्टचे ५ केलेत आणि सर्किट अर्धा अँपिअर घेतंय. (१२ − ५) × ०.५, म्हणजे ३.५ वॅट त्या रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जातात. हीटसिंकशिवाय (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) या आकाराच्या पॅकेजचं तापमान दर वॅटमागे साधारण ६५ अंश वाढतं. हिशेब सव्वादोनशे अंशांच्या वर जातो. अर्थात तो तिथपर्यंत पोहोचत नाही. आतलं संरक्षण त्याला आधीच बंद पाडतं. थंड झाला की पुन्हा सुरू. ‘थोडा वेळ चालतं, बंद पडतं, आपोआप पुन्हा चालतं’ असं वाक्य वहीत असेल, तर कोड उघडण्याआधी रेग्युलेटरकडे बघा.

पायरी ३: सप्लाय मोजा, पण आयसीच्या पायावर

अडॅप्टरवर ५ व्होल्ट आहेत म्हणजे आयसीला ५ व्होल्ट मिळतात, असं गृहीत धरणं हा माझा सर्वांत जुना रोग. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर) मीटरचं टोक पट्टीत न खुपसता थेट आयसीच्या पायाला लावा. काळं टोकही त्याच आयसीच्या ग्राउंडच्या पायाला. मोठ्या ब्रेडबोर्डमध्ये कडेच्या सप्लायच्या पट्ट्या कधी कधी मधोमध तुटलेल्या असतात. अर्ध्या बोर्डावर वीज आणि अर्ध्यावर अंधार. छापलेली लाल रेघ मध्येच खंडित दिसली तर तोच इशारा असतो.

दुसरी युक्ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. सर्किट चालू असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि एकाच ग्राउंड वायरच्या दोन टोकांना दोन्ही प्रोब लावा. ‘एकाच वायरच्या दोन टोकांत कसला आलाय फरक?’ असं वाटेल. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. शंभर-दोनशे दिसले तर ती वायर नव्हे, रेझिस्टर आहे. दोन वेगळे सप्लाय वापरत असाल तर दोघांचे ग्राउंड जोडले आहेत का, हेही याच मापनात उघडं पडतं.

पायरी ४: अर्धं करा

सेन्सरपासून पंपापर्यंत पंधरा-सोळा ठिकाणी काहीही चुकू शकतं. एका टोकापासून तपासत गेलात तर सोळा तपासण्या. मध्यावर तपासलंत तर निम्मा भाग एका फटक्यात निर्दोष ठरतो, आणि चार मापनांत तुम्ही बिघाडाच्या दारात असता.

माझ्या यंत्रात मध्य म्हणजे रिलेची इनपुट पिन. ती मायक्रोकंट्रोलरपासून सोडवा आणि रिले मॉड्यूलला हाताने सिग्नल द्या. पंप चालला तर पुढचा भाग ठीक. दुसऱ्या बाजूला पिनवर नुसता एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावून सगळ्यात साधा लुकलुकणारा प्रोग्राम टाका. लुकलुकला तर बोर्ड आणि ती पिन ठीक. मूळ कोड जसाच्या तसा ठेवून त्यातच शोधत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष वायरीत असतो आणि आपण तीनशे ओळी वाचत बसतो. कोड लिहिणाऱ्या मंडळींना सोल्डरवर संशय येत नाही आणि सोल्डर करणाऱ्यांना कोडवर. ज्यात आपला हात चांगला बसलाय, तिथेच आपण शोधतो.

पायरी ५: एका वेळी एकच बदल, आणि आधी भाकीत

हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि रात्री अकरा वाजता कुणालाच आठवत नाही. तो पाळायला लावणारी एक सोपी क्लृप्ती आहे: बदल करण्याआधी वहीत लिहायचं, ‘हे केल्यावर अमुक होईल असं वाटतं, कारण…’ कारण लिहिता येत नसेल तर तो बदल म्हणजे अंधारात मारलेला दगड. कधी कधी दगडही मारावा लागतो, नाही असं नाही, पण तो दगड होता हे वहीत दिसलं पाहिजे.

भाकीत चुकलं तर वैतागू नका, तिथेच खरं काहीतरी हाती लागतं. बदल उपयोगी पडला नाही तर तो काढून मूळ स्थितीवर या आणि मगच पुढचा करा. जुने निरुपयोगी बदल तसेच ठेवून त्यांच्यावर नवे चढवले, की काही वेळाने तुम्ही मूळ सर्किटचा नाही, तर स्वतःच्या डागडुजीचा बिघाड शोधत असता.

पंपाची गोष्ट, या वेळी नीट

आता तो पंप. दुसऱ्यांदा बिघडल्यावर मी डिले काढला, कॅपॅसिटर काढला, पहिला अडॅप्टर परत लावला, म्हणजे बिघाड मूळ रूपात समोर आणला. सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) रीसेट होताना एक ओळ येत होती: ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. ही ओळ मी पहिल्या वेळीही पाहिली होती आणि वाचून सोडून दिली होती. चिप स्वच्छ शब्दांत सांगत होती की माझा दाब पडतोय, आणि मी कोडमध्ये डिले घालत होतो.

मीटर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर लावला. पंप सुरू होताना आकडा ४.९ वरून किंचित हलला, एवढंच. साध्या मीटरला काही मिलिसेकंदांची बुडी दिसतच नाही. तो सेकंदात दोन-चार वेळाच डोळे उघडतो. ऑसिलोस्कोप (दाबाचे झटपट बदल आलेखात दाखवणारं यंत्र) नव्हता. मग काय करायचं? क्षणभर टिकणारा भार मोजता येत नसेल, तर तसाच पण टिकून राहणारा भार लावायचा. पंपाच्या मोटारीचा रोध बंद अवस्थेत मोजला, तर तो २.४ ओहमच्या आसपास भरला. मोटार सुरू होण्याच्या क्षणी फिरत नसते, म्हणून त्या क्षणी ती मोटार नसून जवळजवळ तेवढ्या ओहमचा रेझिस्टरच असते. फिरायला लागली की तिचा करंट खूप उतरतो.

पंप काढून त्या जागी ३.३ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावला. अडॅप्टरऐवजी २ अँपिअर लिमिटचा बेंच सप्लाय जोडला आणि दोन-दोन सेकंदच चालू ठेवत मोजलं. ग्राउंडच्या वायरवर ०.३८ व्होल्ट, पॉझिटिव्हच्या वायरवर जवळपास तेवढेच. म्हणजे १.३ अँपिअरला दोन्ही मिळून पाऊण व्होल्ट वाटेतच खर्च! ओहमच्या नियमाने प्रत्येक बाजूचा रोध सुमारे ०.३ ओहम. बारीक जम्पर वायर, ब्रेडबोर्डची पट्टी, पुन्हा जम्पर वायर, त्यांचे ढिले संपर्क, असं सगळं मिळून. आणि बोर्ड याच वायरींच्या शेवटाला, पंपाच्या शेजारी जोडलेला.

आता साखळी जुळते. खरा पंप सुरू होताना ५ व्होल्ट भागिले (०.६ + २.४) ओहम, म्हणजे दीड अँपिअरच्या वर करंट ओढला जातो. वायरींमध्येच १ व्होल्ट जातो. अडॅप्टर १ अँपिअरचा, तोही दमतो. बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला स्वतःसाठी १.१ ते १.३ व्होल्ट जास्तीचे लागतात, म्हणजे किमान साडेचारच्या आसपास. मिळतात ४ किंवा त्याहून कमी. त्याच वेळी वाय-फायने काही शे मिलिअँपिअर मागितले की संपलं.

मग माझ्या तीन उपायांचं काय? डिलेचा काहीच संबंध नव्हता. कॅपॅसिटरचा हिशेब वहीत मांडला. १००० मायक्रोफॅरडमधून १ अँपिअर ओढला, तर दाब १ व्होल्टने उतरायला १ मिलिसेकंद लागतो. मोटारीला वेग घ्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे ज्या कॅपॅसिटरला मी मनातल्या मनात श्रेय दिलं होतं, तो बिचारा मधल्या मध्ये भाव खाऊन गेला. खरं काम दुसऱ्या, थोड्या दमदार अडॅप्टरने केलं होतं, तेही काठावर. पंपात थोडा गाळ साचून सुरुवात जड झाल्यावर काठावरून खाली पडलं, इतकंच.

उपाय साधा होता. पंपासाठी जाड वायरींची वेगळी जोडी थेट अडॅप्टरच्या टोकांपासून नेली, बोर्डासाठी वेगळी, आणि दोघांची भेट फक्त अडॅप्टरपाशी. त्यासोबत २ अँपिअरचा अडॅप्टर.

पायरी ६: चूक परत बोलवा

बहुतेक जण इथे थांबतात. मीही आधी थांबायचो. आता थांबत नाही. जाड वायर काढून जुनी जम्पर वायर परत लावली, बाकी काही बदललं नाही, आणि पंप दहा वेळा सुरू केला. बोर्ड आठ वेळा रीसेट झाला. जाड वायर लावून वीस वेळा सुरू केला, एकदाही नाही. मग जाड वायर ठेवून फक्त जुना अडॅप्टर जोडला, तेव्हा अधूनमधून झाला. म्हणजे दोष दोन होते, एक मोठा आणि एक धाकटा, आणि धाकट्याचा पत्ता या शेवटच्या पायरीशिवाय लागलाच नसता.

यासाठी जळू शकणारे भाग पणाला लावू नका. उलट्या कॅपॅसिटरचा स्फोट पुन्हा करून बघायची गरज नाही. पण रीसेट, गोंगाट, चुकीची रीडिंग, अडखळणारा संवाद, असे बिघाड निर्धास्तपणे परत घडवता येतात, आणि नेमके तेच सगळ्यात जास्त छळतात.

पायरी ७: वहीत चार ओळी

हार्वर्डच्या मार्क २ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेत पतंग सापडला, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. ‘बग’ हा शब्द त्याआधीच रूढ होता, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो आहे. मला त्या गोष्टीत वेगळंच आवडतं. त्या लोकांनी तो पतंग फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीने लावला, आणि शेजारी वेळ, पॅनेल आणि रिलेचा क्रमांक लिहिला: पॅनेल एफ, रिले ७०. नोंद होती म्हणून गोष्ट उरली.

आपली नोंद चार ओळींची पुरे. लक्षण काय होतं. मला काय वाटलं होतं. खरं काय निघालं, आकड्यासकट. पुढच्या वेळी मी आधी काय बघेन. दुसरी ओळ लिहायला लाज वाटते, म्हणूनच ती गाळू नका. सहा महिन्यांनी वही चाळली की तुमचा अंदाज नेहमी कोणत्या दिशेला चुकतो ते दिसतं. माझ्या वहीत ‘कोड असेल’ हे शब्द सारखे येतात आणि तिसऱ्या ओळीत बहुतेक वेळा वायर निघते.

चौथी ओळ ही इच्छा असता कामा नये, ती कृती असली पाहिजे. ‘पुढच्या वेळी काळजी घेईन’ ही ओळ खोडा. ‘मोटार असेल तर सप्लायच्या वायरी आधी आखून घ्यायच्या’ ही ओळ ठेवा.

पुन्हा पुन्हा भेटणारे सापळे

पायांचा क्रम हा सापळ्यांचा राजा. ७८०५ चे पाय समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. त्याचा निगेटिव्ह भाऊ ७९०५ घ्या, तर ग्राउंड, इनपुट, आउटपुट. हीटसिंकला टेकणारा पत्राही ७८०५ मध्ये ग्राउंडला आणि ७९०५ मध्ये इनपुटला जोडलेला असतो, त्यामुळे दोघांना एकाच हीटसिंकवर बसवणारा फसतो. छोटा ७८एल०५ तर उलटाच: सपाट बाजू समोर धरली की आउटपुट, ग्राउंड, इनपुट. ट्रान्झिस्टरमध्ये बीसी५४७ डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर आणि २एन३९०४ एमिटर, बेस, कलेक्टर. प्लॅस्टिकमधल्या २२२२ चे तर दोन्ही प्रकार मिळतात: पीएन२२२२ए चा क्रम एक आणि पी२एन२२२२ए चा नेमका उलटा. इथे स्मरणशक्ती दाखवू नका. हातातल्या भागावर जो पूर्ण नंबर छापलाय त्याचीच डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) उघडा, किंवा मीटरच्या डायोड टेस्टवर बेस शोधून घ्या.

कॅपॅसिटरची पट्टीही अशीच फसवते. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलायटिकवर पट्टी निगेटिव्ह पाय दाखवते, टँटलमवर पॉझिटिव्ह. टँटलम उलटा लागला तर तो नुसता खराब होत नाही, पेट घेऊ शकतो.

रंगांच्या पट्ट्यांत तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम आणि तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे १ मेगाओहम. याच गल्लतीतून एक मोठी गोष्ट घडली. विल्सन ग्रेटबॅच हे अमेरिकन अभियंते हृदयाचे ठोके नोंदवण्यासाठी एक ऑसिलेटर जोडत होते. १० किलोओहमऐवजी त्यांच्या हाती १ मेगाओहम लागला. सर्किट १.८ मिलिसेकंदांचा एक ठोका द्यायचं आणि मग सेकंदभर शांत राहायचं. ही तर हृदयाचीच लय, हे त्यांना ओळखू आलं, आणि त्यातून शरीरात बसवता येणारा पेसमेकर आला. १९६० मध्ये तो रुग्णांना बसवला गेला. चुकीचा रेझिस्टर तर आपण सगळेच लावतो. तो उपटून फेकण्याआधी त्यांनी सर्किट काय करतंय ते बघितलं. अर्थात, सोल्डर करण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजायची सवय त्यामुळे कमी महत्त्वाची ठरत नाही.

मॉसफेटच्या (गेट या पायावरच्या दाबाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) डेटाशीटमधला थ्रेशोल्ड व्होल्टेजचा आकडा वाचून फसलेले तर कितीतरी. आयआरएफझेड४४एन चा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट आहे, म्हणून ५ व्होल्टने तो पूर्ण उघडेल असं वाटतं. पण तो आकडा पाव मिलिअँपिअर वाहायला लागण्याचा आहे, पूर्ण उघडण्याचा नाही. त्याचा कमी रोध १० व्होल्टच्या गेटसाठी दिलेला असतो. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. त्यासाठी आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हलचा घ्या. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला जोडायचा असेल तर डेटाशीटमध्ये तेवढ्या गेट व्होल्टेजला काय लिहिलंय ते पाहूनच ठरवा.

बाकीचे थोडक्यात. लोंबकळती ठेवलेली इनपुट पिन हात जवळ नेला तरी बदलते, पुल-अप (पिन आणि पॉझिटिव्ह सप्लाय यांच्यामधला रेझिस्टर) द्या. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अपही नाही, तो बाहेरून लावावा लागतो. त्याच चिपचा दुसरा एडीसी (दाब मोजून आकडा देणारा भाग) वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही. आर्डुइनो उनो आर३ च्या एका पिनची अखेरची मर्यादा ४० मिलिअँपिअर. रोजच्या वापरात २० च्या खाली राहा आणि मोटार किंवा रिलेची कॉइल थेट लावू नका. नुसती कॉइल ट्रान्झिस्टरने चालवत असाल तर तिला उलटा डायोड हवाच, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, ज्याच्यावर १०४ छापलेलं असतं. सोल्डरचा जोड निस्तेज आणि गोळीसारखा दिसला तर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून पुन्हा तापवा. लाकडी काडीने हलकेच ढोसल्यावर सर्किट चालू-बंद झालं तर जोड सापडलाच म्हणून समजा.

कुठे सोडून द्यायचं

प्रत्येक चुकीचा पाठलाग करण्याइतकं आयुष्य मोठं नाही. जम्पर वायर आतून तुटलेली निघाली तर ती कापून कचऱ्यात टाका (कापूनच, नाहीतर ती परत डब्यात जाते आणि महिन्याने पुन्हा भेटते). दोन तास झाले आणि एकही नवं मापन वहीत आलं नसेल, तर तुम्ही शोधत नाही, नुसते चिडला आहात. दिवा बंद करा. सकाळी शेजारच्या कुणाला, अगदी इलेक्ट्रॉनिक्स न कळणाऱ्या माणसाला, सर्किट समजावून सांगा. ‘आणि ही वायर इथे जाते’ म्हणताना आपणच अडखळतो, तिथे बघा.

जळलेले भाग लगेच फेकू नका. एका छोट्या डबीत, कशाने जळला त्याची चिठ्ठी लावून ठेवा. पण चांगल्या भागांपासून लांब, हे अनुभवाने सांगतो.

माझ्या वहीतली एक नोंद अजून उघडी आहे. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरकडून अधूनमधून ८५ अंशांचं रीडिंग येतं. हा आकडा खोलीतला नाही. वीज मिळाल्यावर आणि पहिलं मापन होण्याआधी त्या सेन्सरच्या मेमरीत हेच मूल्य असतं. म्हणजे मधेच कुठेतरी त्याची वीज जाते आणि तो नव्याने जागा होतो, किंवा मापन पूर्ण व्हायच्या आधीच मी वाचतो. १२ बिटांच्या मापनाला ७५० मिलिसेकंद लागतात. मी ८०० थांबतोय, तेव्हा दुसरी शक्यता बाद. पहिल्यासाठी भाकीत लिहून ठेवलंय: तीन मीटरची वायर हलवली तर ८५ येईल. रविवारी हलवून बघणार आहे.